लोखंड, तांबे आणि कागद : जुन्या मोजणी-उपकरणांच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरविषयी प्रस्तावना

जुन्या ऑसिलोस्कोपमधला सगळ्यांत जड भाग कोणता आणि सगळ्यांत साधा भाग कोणता, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे : पॉवर ट्रान्सफॉर्मर. पातळ लोखंडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे आणि थराथरांमध्ये कागद, एवढाच त्याचा संसार. त्यात हलणारे काही नाही आणि हिशेबात मांडता येणार नाही असेही काही नाही. तरीही हा एक भाग जळाला की बाकी सगळे धडधाकट असलेले यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. 'ट्रान्सफॉर्मर मिळत नाही' या एका वाक्यावर विषय संपतो. ही पुस्तिका त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिली आहे. ट्रान्सफॉर्मर मिळत नाही हे खरेच आहे. हेवलेट-पॅकार्डच्या मॅन्युअलात ९१०० ने आणि टेक्ट्रॉनिक्सच्या मॅन्युअलात १२० ने सुरू होणारे क्रमांक आजही वाचता येतात, पण ते क्रमांक सांगून माल मिळेल असा काउंटर आता उरलेला नाही. मात्र ट्रान्सफॉर्मर विकत मिळायला हवा हे गृहीतच चुकीचे आहे. तो करून घेता येतो. पिक्चर ट्यूब गेली तर ती घरी किंवा गल्लीत बनत नाही. कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेली आयसी गेली तर तिचाही इलाज बहुधा नसतो. सगळ्या यंत्रात मोजून, लिहून आणि हाताने पुन्हा उभा करता येईल असा महत्त्वाचा भाग कुठला असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच. ज्याला उपाय आहे त्याच्यापायी यंत्र मोडीत काढायचे, हा उलटा न्याय झाला. तो कसा टाळायचा, हे पुढच्या प्रकरणांत आहे. का टाळायचा, हे इथे सांगतो.

आपल्या देशात ही उपकरणे कुठून आली हे आधी पाहिले पाहिजे, कारण बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांचे दुखणे तिथूनच सुरू होते. मुंबईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने उभी राहिली, चेन्नईची १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने, कानपूरला अमेरिकी विद्यापीठांचे साहाय्य मिळाले आणि दिल्लीला ब्रिटनचे. त्या त्या देशाबरोबर त्या त्या देशाची यंत्रे आली, आणि यंत्रांबरोबर त्या देशातल्या विजेची सवयही आली. तेव्हा अमेरिकेत ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, युरोपात बहुतेक ठिकाणी २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, आपल्याकडे फ्रिक्वेन्सी ५० पण व्होल्टेज दीर्घकाळ २४० आणि आता २३०. पुढे यातलीच अनेक यंत्रे लिलावात निघाली आणि चेन्नईत रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा बाजारांच्या आसपास फिरू लागली. घेणाऱ्याने स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, यंत्र सुरू झाले, आणि प्रश्न मिटला असे सगळ्यांना वाटले. रेल्वेचे उदाहरण घ्या. चेन्नईतल्या मांबलम स्टेशनवरून जाणारी बीच-तांबरम लाइन १९३१ मध्ये विजेवर आली तेव्हा तिच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी होते. १९६० च्या दशकात तिथे २५,००० व्होल्ट एसी आले. जुन्या गाड्या नव्या तारेखाली तशाच चालवाव्यात, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. पुरवठा बदलला की यंत्र बदलावे लागते, हे रेल्वेच्या बाबतीत सगळ्यांना पटते. टेबलावरच्या उपकरणाच्या बाबतीत मात्र प्लग बसला म्हणजे झाले असे आपण मानत आलो.

हिशेब अगदी थोडा आहे, आणि तो समजला की निम्मे कोडे सुटते. गाभ्यातला चुंबकीय प्रवाह व्होल्टेजबरोबर वाढतो आणि फ्रिक्वेन्सी कमी झाली तरीही वाढतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला, की गाभ्यावरचा भार २० टक्के चढतो. स्टेप-डाउन व्होल्टेज निम्मे करतो, फ्रिक्वेन्सीला तो हातही लावत नाही. त्यात लाइनला २४० व्होल्ट असतील तर त्याच्या निम्मे १२० होतात, ११५ नव्हे. म्हणजे आणखी ४ टक्के. मूळ रचना १.३ टेस्लावर असेल तर गाभा १.६ टेस्लाच्या पुढे जातो. जुन्या साध्या सिलिकॉन स्टीलची सहनशक्ती तिथे संपत आलेली असते. मग काही काम न करताही प्रायमरी भरमसाट करंट ओढते, पट्ट्या गुणगुणतात आणि तारेवरचे इनॅमल वर्षानुवर्षे मंद आचेवर भाजत राहते. २२० व्होल्टच्या युरोपीय यंत्राची गोष्ट सौम्य, पण त्याच जातीची : २४० वर ते ९ टक्के जादा भार वाहते. अनेक चांगल्या कंपन्यांनी ५० आणि ६० दोन्ही हर्ट्झ धरून रचना केली आणि मागच्या बाजूला २२०, २३०, २४० चे सिलेक्टरही दिले. पण सिलेक्टर चुकीच्या खुणेवर असेल तर त्या शहाणपणाचा उपयोग शून्य. म्हणून 'जुना माल, कधीतरी जळणारच' हे स्पष्टीकरण मला मान्य नाही. अशा यंत्रांना जळायचे कारण पहिल्या दिवसापासून आपणच पुरवत होतो. त्याच मापाचा जुना ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या यंत्रातून काढून बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल आणि एकाऐवजी दोन यंत्रे जातील.

दुसरे कारण हवेचे. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत ते विसरून चालत नाही. इथल्या लेक व्ह्यू रोडवरून आज कुठलेही तळे दिसत नाही. ज्या लाँग टँकवरून ते नाव पडले तो १९२० च्या दशकात त्यागरायनगर वसवताना बुजवला गेला. भाग सखल तो सखलच राहिला, आणि डिसेंबर २०१५ च्या पुरात इथल्या अनेक रस्त्यांवर आणि तळमजल्यांत पाणी शिरले. पूर रोज येत नाही. समुद्रकाठची दमट हवा मात्र वर्षभर असते. ट्रान्सफॉर्मरमधला कागद ही ओल शोषून घेतो. त्यातच हाय-टेन्शनची वाइंडिंग केसासारख्या बारीक तारेची असते आणि तिच्यावर डीसी दाब असतो. ओल, दाब आणि सोल्डरिंगच्या वेळी राहून गेलेला फ्लक्स, हे तिन्ही एकत्र आले की तांबे कणाकणाने खाल्ले जाते. तारेवर हिरवट ठिपका उमटतो आणि एक दिवस तिथेच तार तुटते. हा ठिपका पुष्कळदा अगदी बाहेरच्या थरात, तार जिथे जाड लीडला जोडलेली असते तिथे सापडतो. म्हणजे वरचा कागद जपून सोडवला, चांगल्या तारेपर्यंत मागे गेले, नवा जोड दिला आणि वॉर्निश लावले की ट्रान्सफॉर्मर वाचतो. भिजलेल्या ट्रान्सफॉर्मरचेही तसेच. लगेच प्लग लावला तर तो हमखास जातो. १०० अंशांच्या आसपासच्या कोरड्या उष्णतेत काही तास ठेवून, इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचे आकडे चढत जाऊन एका जागी स्थिर होईपर्यंत थांबले, तर बरेच जण परत येतात. 'गेला' असा शिक्का बसलेल्या ट्रान्सफॉर्मरांपैकी काही मुळात गेलेलेच नसतात. नंतरच्या काळातल्या काहींमध्ये प्रायमरीवरच्या कागदाखाली थर्मल फ्यूज लपवलेला असतो आणि तेवढाच उडालेला असतो.

जो खरोखर जळाला आहे, त्याच्याबाबत पहिला प्रश्न असा, की त्याला कोणी जाळले? नवा बसवण्याची घाई इथेच नडते. फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळका झालेला असतो, रेक्टिफायर शॉर्ट असतो, फ्यूजच्या जागी कोणीतरी जाड तार गुंडाळलेली असते, आणि आपण बदलतो मात्र ट्रान्सफॉर्मर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार. म्हणून सर्व सेकंडरी सोडवायच्या, प्रायमरीला ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा आणि मग वीज द्यायची. निरोगी लहान ट्रान्सफॉर्मरवर बल्बची तार जेमतेम लाल होते किंवा होतही नाही. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठेतरी वेढे एकमेकांना चिकटले आहेत. एक वेढा शॉर्ट झाल्याने काय होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंच बाय इंच गाभ्यावर दर व्होल्टला साधारण सव्वासहा वेढे येतात, म्हणजे एका वेढ्यात जेमतेम ०.१६ व्होल्ट. पण १ मिलिमीटर जाडीच्या तारेचा १५ सेंटिमीटर लांब वेढा म्हणजे ओहमचा तीनशेवा हिस्सा. त्यातून ४८ अँपिअरच्या आसपास करंट फिरू शकतो आणि एका बोटभर जागेत ८ वॅट उष्णता साठते. शेजारचा वेढा मग किती दिवस तग धरणार? सेकंडरी सुट्या असताना बल्ब शांत राहिला आणि जोडल्यावर पेटला, तर दोष पुढच्या सर्किटमध्ये आहे. ट्रान्सफॉर्मरने फक्त त्याची शिक्षा भोगली. सेलेनियम रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉन डायोड बसवताना हेच भान लागते, कारण सिलिकॉनमध्ये व्होल्टेजची घट कमी होते आणि पुढच्या भागांवर जादा दाब जातो.

आता रिवाइंडिंग. गल्लीतल्या कॉइल वाइंडिंगच्या दुकानात फॅन, मोटर, स्टॅबिलायझर यांची कामे रोज चालतात. स्टॅम्पिंग, बॉबिन, लेदरॉइड पेपर, मिलिनेक्स, स्लीव्ह, वॉर्निश हे सगळे तिथे हाताशी असते आणि हातात कसब असते. त्या कारागिराला लागतो तो आकडा, आणि तो आपण द्यायचा असतो. जुनी वाइंडिंग कापून फेकून न देता उलगडत न्यायची, प्रत्येक थराचे वेढे मोजायचे, तारेची जाडी इनॅमल काढून मायक्रोमीटरने घ्यायची, थरांचा क्रम आणि गुंडाळण्याची दिशा लिहायची. तारेच्या गेजबाबत एक सापळा आहे : अमेरिकी मॅन्युअलातले २२ गेज ०.६४ मिलिमीटरचे, तर आपल्या दुकानातले २२ गेज ०.७१ मिलिमीटरचे. बोलताना म्हणून मिलिमीटरच सांगावेत. मूळ ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा असेल तर जुने वेढे जसेच्या तसे घालणे म्हणजे जुनी चूक जपणे. ६ चौरस सेंटिमीटर निव्वळ गाभ्यावर १.२ टेस्ला धरून ५० हर्ट्झला २३० व्होल्टसाठी सुमारे १,४४० वेढे लागतात आणि ६.३ व्होल्टच्या हीटरसाठी, भाराखालची घट धरून, ४१. वेढे वाढले तरी ते बसवायची गाभ्यातली खिडकी तेवढीच राहते. पण जुन्या जाड कागदाच्या जागी पातळ फिल्म आली की ती जागा बहुतेकदा निघते. रेक्टिफायरला जोडलेल्या वाइंडिंगची तार डीसी करंटवरून ठरवू नये; ब्रिज आणि कपॅसिटरच्या पुरवठ्यात १०० मिलिअँपिअर डीसीमागे तारेतून सुमारे १८० वाहतात. पिक्चर ट्यूबची हीटर वाइंडिंग अनेक स्कोपांत जमिनीपासून हजार-दीड हजार व्होल्टांवर तरंगत असते. '६.३ व्होल्टची तर आहे' म्हणून तिला एकच कागद दिला तर तो पहिल्याच दिवशी फुटेल. आणि दोन तांब्याच्या पट्ट्यांची गल्लत कधी होऊ नये. प्रायमरी आणि सेकंडरीमधल्या पडद्याची टोके एकमेकांवर येतात पण शिवता कामा नयेत, शिवली तर तोच शॉर्ट वेढा होतो. बाहेरून सगळ्या ट्रान्सफॉर्मरला वेढणारी पट्टी मात्र पूर्ण सोल्डर करून बंदच करायची असते, कारण बाहेर सांडणारे चुंबकीय क्षेत्र तिने अडवायचे असते. ही पट्टी विसरली तर स्कोपच्या पडद्यावरची सरळ रेघ ५० हर्ट्झने डुलत राहते.

यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा. चांगला डिजिटल स्कोप आज सामान्य दुकानदारालाही परवडतो. मग वीस दिवस एका जुन्या डब्यात का घालवायचे? रोजच्या धंद्यासाठी नवे यंत्र घ्यावे, यात मला शंका नाही. पिक्चर ट्यूबच संपलेली असेल तर जुन्याचा हट्टही धरू नये. पण नव्याच्या बाजूने दिलेले कारण जुन्याला भंगारात काढण्याचे कारण होत नाही. ज्या यंत्रात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, ज्याचे सर्किट मॅन्युअलात छापलेले आहे आणि ज्याची दुरुस्ती सोल्डरिंग आयर्नने होते, ते विद्यार्थ्याला जे शिकवते ते बंद चिपमधून शिकता येत नाही. हेवलेट-पॅकार्डचा १९३९ सालचा २००ए ऑसिलेटर एका साध्या बल्बच्या तारेने आपला आवाज स्थिर ठेवत असे; ही कल्पना वाचून कळते, चालू यंत्रात पाहिली की पटते. दुसरा आक्षेप सोयीचा : ट्रान्सफॉर्मर कशाला, तयार एसएमपीएस मॉड्यूल बसवा. फक्त १२ किंवा ५ व्होल्ट लागणाऱ्या, खडबडीत कामाच्या यंत्रात ते खुशाल बसवावे. पण मिलिव्होल्ट मोजणाऱ्या उपकरणात एसएमपीएसचा हजारो हर्ट्झचा कचरा थेट मोजमापात मिसळतो, आणि व्हॉल्व्हच्या यंत्राला हीटर, हाय-टेन्शन, बायस असे चार-पाच वेगळे पुरवठे एकमेकांपासून अलग लागतात. मोजणाऱ्या यंत्राचीच मोजणी बिघडत असेल, तर ते चालू झाले याला अर्थ नाही.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो आणि म्हणूनच त्याला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर विश्वास ठेवायचा तो तपासणीवर, ओळखीवर नव्हे. प्रायमरी आणि बॉडी, प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन पाहायचे. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची, अर्थिंगसह घालायची. योग्य मापाचा स्लो-ब्लो फ्यूज बसवायचा. मग पूर्ण भारावर काही तास चालवून तापमान पाहायचे, आणि त्यासाठी थर्मामीटरही लागत नाही, कारण तांबे स्वतःच तापमान सांगते. थंड असताना ३० अंशांना वाइंडिंग २० ओहम भरली आणि तापल्यावर २४ भरली, तर ती सुमारे ५३ अंशांनी तापली आहे. चेन्नईच्या मे महिन्यातले ४० अंश त्यात मिळवले तर ९३ झाले, आतला सर्वांत गरम बिंदू आणखी दहाएक अंश वर. जुन्या कागदी इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंशांची आहे. म्हणजे काम जेमतेम निभावले. १३० अंशांचे इनॅमल आणि फिल्म वापरली असेल तर तोच ट्रान्सफॉर्मर निश्चिंत चालेल. ज्याला हे आकडे घेता येत नाहीत त्याने हे काम जाणत्याकडून करून घ्यावे, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो हे कोणीही विसरू नये. आणखी एक आक्षेप : मूळपण हरवते, असे काही संग्राहक म्हणतात. गाभा, कव्हर, टर्मिनल पट्टी, सगळे जुनेच ठेवता येते. आतले तांबे नवे आहे हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, तर इतिहासाशी प्रतारणा होत नाही. जळका ट्रान्सफॉर्मर बाळगणारे मुके यंत्र इतिहास तरी किती सांगणार?

शेवटी उरतो तो नोंदीचा प्रश्न, आणि सगळ्यांत मोठी उणीव तिथेच आहे. परदेशी कंपन्यांची मॅन्युअले जगभर जपली गेली. आपल्या कंपन्यांच्या वाट्याला तेवढी काळजी आली नाही. प्रभाकर देवधरांनी १९६२ साली ठाण्यात सुरू केलेल्या ॲप्लॅबचे पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप असोत, की हैदराबादच्या ईसीआयएलची उपकरणे, सगळ्यांची गत तीच. आयात अवघड असलेल्या काळात आपल्या माणसांनी आपल्या विजेसाठी ती बनवली. त्यातला एखादा ट्रान्सफॉर्मर आज उलगडला जातो तेव्हा त्याचे वेढे मोजणारा माणूसच त्या रचनेचा अखेरचा साक्षीदार असू शकतो. त्याने न मोजता तार भंगारात टाकली, तर ती माहिती कायमची गेली. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. काम पुरे झाले की एका कार्डावर गाभ्याचे माप, प्रत्येक वाइंडिंगचे वेढे, तारेची जाडी, थरांचा क्रम, थंड असतानाचा रेझिस्टन्स आणि तारीख लिहा. ते कार्ड यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आपल्यानंतर ते झाकण कोणीतरी उघडणार आहे. त्याला पुन्हा वेढे मोजावे लागू नयेत.

वेस्ट मांबलम, चेन्नई